बोटीवरच्या स्वैपाक्याचं पदक

माझं माहेर मिरजेचं. आमच्या घरातलं कुणी कृष्णेपलीकडे जाऊन आलं की चार दिवस सगळे त्याच्याकडून हकिकती ऐकायचे, आणि माझं लग्न ठरलं ते थेट मद्रासला, बोटीवर काम करणाऱ्या माणसाशी. स्थळ चांगलं होतं, फक्त मुलगा तिशी ओलांडलेला. माणसं तंजावरी मराठी, म्हणजे कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत जाऊन तिथलेच झालेले देशस्थ. त्यांच्यातल्या कुणी ह्या मुलाला मुलगी दिली नव्हती, कारण लढाईच्या वर्षांत मॅट्रिकला नापास होऊन तो आरमारात पळून गेला होता आणि समुद्र ओलांडून आला होता. माझे वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "समुद्र ओलांडलाय, म्हणजे पोहता तरी येत असेल." एवढ्या चौकशीवर त्यांनी होकार कळवला. ह्यांना पोहता येत नाही हे मला लग्नानंतर कळलं.

ही सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमाराची गोष्ट. तिरुवल्लिकेणीत, देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर होतं. बाहेर ओटा, मग एक अरुंद बोळ, मग कूडम म्हणजे मधली मोठी खोली, आणि तिच्यामागे स्वैपाकघर. घरात मामंजी, सासूबाई, धाकटे भावजी आणि आम्ही दोघं. मामंजी कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. ते दिवसभर इंग्रजी पेपर वाचत, आणि घरात भांडण झालं की पेपर थोडा वर धरत. भावजी बँकेत कारकून. हे बंदरात टगवर कामाला होते. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी लहानशी, दांडगी बोट. सायकलवरून बीचच्या रस्त्यानं जायचे आणि अंगाला कोळशाचा नि तेलाचा वास घेऊन यायचे. मला तो वास आवडायला लागला होता, पण हे कुणाला सांगायची त्या काळी सोय नव्हती.

ह्या लोकांची मराठी ऐकून पहिले काही दिवस मला वाटायचं, आपण बखरीत राहायला आलोय. ‘कोठें गेलां होतां’, ‘येतों म्हणून सांगितलें’ असं हेल काढून बोलत, आणि मधेच दोन वाक्यं तमिळ. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटायची. सासूबाई शेजारणींना सांगत, "सून बरी आहे हो. बोलती मात्र भांडल्यासारखें." त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे ‘जेवायला या’ हेसुद्धा शेजारच्या गल्लीत ऐकू जातं.

घर सुखी होतं. एकच गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपत होती, आणि ती म्हणजे ह्यांचं पान. मामंजी आणि भावजी स्वैपाकघरात, चुलीच्या उबेला शेजारी शेजारी जेवायला बसत. ह्यांचं पान कूडममध्ये, दाराशी, एकट्याचं. मुलगा लढाईवरून परत आला तेव्हा सासूबाईंनी त्याला न्हाऊ घातलं, नवं धोतर दिलं आणि पान मांडलं ते उंबऱ्याच्या अलीकडे. तेव्हापासून बारा-तेरा वर्षं ते पान तिथेच पडत होतं. घरातला थोरला मुलगा असून नवरात्राचा कलशही भावजी ठेवत.

मला ह्याचा उलगडा होईना. आमच्याच गल्लीतली मुलं विलायतेला शिकायला जात होती आणि परत आल्यावर त्यांना ओवाळत होते. म्हणजे नुसता समुद्र हे कारण नव्हतं. समुद्र ओलांडून बॅरिस्टर होणं वेगळं आणि खलाशी होणं वेगळं. त्यातून खरा प्रश्न होता तो खाण्याचा. तिथे ह्यानं खाल्लं काय? सासूबाईंनी तो प्रश्न कधीच विचारला नाही, कारण विचारला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं. इतकी वर्षं त्या मिठाची गुळणी धरून बसल्या होत्या, आणि हेही आपण होऊन सांगत नव्हते.

मी एकदा ह्यांना विचारलंच, तुम्हाला वाईट नाही वाटत? तर म्हणाले, "कूडममध्यें वारा चांगला लागतो गे." ह्यांचा स्वभावच तसा, कशाचं म्हणून ओझं घ्यायचे नाहीत. पण एखाद्या सणाला आतून मामंजींचा आणि भावजींचा हसण्याचा आवाज आला की हे हातातला घास तसाच धरून क्षणभर ऐकत, आणि मग खाली बघून जेवायला लागत. ते मी बघितलं होतं. ह्यांना त्या पंगतीत बसायचं होतं, एवढंच हवं होतं त्यांना, आणि तेवढंच कुणी देत नव्हतं. मला सासूबाईंचा फार राग यायचा. तो मी भांडी घासताना काढत असे.

लग्नानंतर महिन्याभरानं आम्ही मरीनावर फिरायला गेलो होतो, तेव्हा मी ह्यांना विचारलं की बोटीवर तुम्ही नक्की काय करत होता. मला वाटलं, तोफा, बंदुका, निदान एखादा भोंगा तरी. तर हे म्हणाले, "स्वैपाक." भरतीच्या ठिकाणी विचारलं, तुला काय येतं, आणि ह्यांना तेवढंच येत होतं. सासूबाईंना मुलगी नाही, म्हणून लहानपणी थोरल्यालाच हाताशी घेऊन त्या स्वैपाक करायच्या. लढाईची दोन वर्षं ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याला सुरुंग शोधणाऱ्या एका बोटीवर हे भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांच्या भाषेत स्वैपाकी. "तोफ जवळून बघितलीत कां म्हणून विचारशील तर बघितली. तेथें चहा द्यायला जात होतों," म्हणाले. मी इतकी हसले की शेंगदाणेवाला थांबून बघायला लागला.

पदक मला सापडलं ते ह्यांच्या दाढीच्या डब्यात, तुरटीच्या खड्याशेजारी. सहा टोकांचा तपकिरी तारा, मधे राजाचा मुकुट. फीत वेगळी गुंडाळून ठेवलेली, मधे लाल, दोन्ही कडांना निळी, आणि निळ्यात एकेक नारिंगी रेघ. लढाई संपल्यावर ते टपालानं आलं होतं, तारा सुटा आणि फितीचा तुकडा सुटा. जोडायचं ज्याचं त्यानं. ते इतक्या वर्षांत कुणी जोडलं नव्हतं. हे कसलं पदक, मोठा पराक्रम केला होता का, मी विचारलं. हे म्हणाले, "पराक्रमाचें नाहीं तें. त्या लढाईंत तेथें जो होता त्या सगळ्यांना. कप्तानाला जो तारा तोच मला." म्हणजे हजेरीचं पदक. मला ते पराक्रमाच्या पदकापेक्षा जास्त आवडलं. ह्या घरात ह्यांची हजेरी कुणी मांडत नव्हतं, तिथे निदान मांडली होती.

मग माझं तिथलं पहिलं नवरात्र आलं. आमच्याकडे मिरजेला घट बसतात, मातीत धान्य उगवतं, रोज माळ चढते, संपलं. मद्रासला गोलू. सासूबाईंनी आठवडाभर आधीपासून ट्रंका आणि फळ्या रचून पायऱ्या केल्या, त्यांवर मामंजींची पांढरी शुभ्र धोतरं अंथरली, आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यातून बाहुल्या उतरवल्या. दशावतार, लाल चंदनाचे राजाराणी, मान डोलावणारी तंजावरची बाई, पोट सुटलेला दुकानदार आणि त्याची बायको, त्यांच्यापुढे खरेखुरे तांदूळ नि डाळी. सासूबाईंचा गोलू गल्लीत नावाजलेला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला सगळ्यांत खालचा, जमिनीवरचा भाग दिला. तिथे मुलं बाग करतात, आरशाचं तळं करतात. मी म्हटलं, आरशाचं तळं कशाला, आपल्या घरात बंदरातला माणूस आहे.

प्रतिपदेला सकाळी भावजींनी कलश ठेवला. दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या तेव्हा मी पितळी परातीत पाणी घालून बंदर केलं. काड्यापेट्यांची गोदामं, कागदाच्या बोटी, वाळू ह्यांनी सायकलवरून आणलेली, खास बंदरावरची. एका लांबट बाटलीला पांढरा कागद गुंडाळून दीपस्तंभ केला आणि तो खालच्या पायरीच्या टोकाला उभा केला. पण दीपस्तंभाला दिवा हवा. मी दाढीचा डबा उघडला, ताऱ्याच्या कडीत ती फीत ओवली, दोन टाके घातले, आणि बाटलीच्या तोंडाशी तारा लटकवला. सुरेख दिसला. ह्यांना संध्याकाळी दाखवायचा आणि मग जागच्या जागी ठेवून द्यायचा, एवढाच माझा बेत होता.

सासूबाई उठून आल्या. बंदर बघून त्यांना कौतुक वाटलं, आणि मग त्यांची नजर वर गेली. त्या ताऱ्याजवळ येऊन वाकल्या. मग म्हणाल्या, "हें येथें कोण ठेविलें?"

मी म्हटलं, मी. आवडत नसेल तर काढते. आणि हात पुढे केला.

"हालवूं नको," त्या म्हणाल्या. "कलश बसल्यावर गोलूवर जें बसलें तें बसलें. दशमीपर्यंत हालवायचें नाहीं."

मला हा नियम कुणी सांगितलाच नव्हता. मिरजेच्या मुलीला तो कुठून माहीत असणार? मी घाबरायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मला आतून गुदगुल्या झाल्या. ज्या शास्त्रानं ह्यांचं पान दाराबाहेर ठेवलं होतं, त्याच शास्त्रानं ह्यांचा तारा देवांच्या पंगतीत नेऊन बसवला होता आणि आता सासूबाईंना तो उठवता येत नव्हता. संध्याकाळी हे आले, बघितलं, आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. गोलूमुळे कूडम अडलं होतं, त्यामुळे त्यांचं पान त्या दिवसापासून आणखी बाहेर, बोळात सायकलीशेजारी पडलं. तिथे वारासुद्धा नव्हता.

नवरात्रात मद्रासला रोज संध्याकाळी बायका एकमेकींकडे गोलू बघायला जातात. कुंकू, विडा, द्रोणात रोजची वेगळी उसळ, तिला तिकडे सुंडल म्हणतात, आणि आलेल्या प्रत्येकीनं एकतरी गाणं म्हणायचं. बायकांचं लक्ष आधी दशावताराकडे जायचं, मग हमखास खाली माझ्या बंदराकडे, आणि मग त्या ताऱ्याकडे. हे काय म्हणून प्रश्न यायचाच. पहिल्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं, "सुनेच्या माहेरचें कांहींतरी आहे." माझ्या माहेरी राजाचा मुकुट कुठून येणार. दुसऱ्या दिवशी त्या ताऱ्याच्या बरोबर पुढे पाट घेऊन बसल्या, म्हणजे बघणाऱ्याला त्यांची पाठ दिसावी. ताकाला जाऊन भांडं लपवायचा तो प्रकार. नऊवारीतली बाई तास दोन तास तशी अवघडून बसली, आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या मामींनी शेवटी वाकून बघितलंच. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, सरकारनं दिलेलं आहे. कुणाला, ते सांगितलं नाही.

शुक्रवारी एका निवृत्त न्यायाधीशांच्या पत्नी आल्या. मैलापूरच्या बंगल्यातून मोटारीनं येणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे सासूबाईंनी त्यांच्यासाठी चांदीचं तबक काढलं होतं. बाई शांत, चष्मा लावलेल्या. त्यांनी दीपस्तंभाजवळ बसून फीत बोटानं सारखी केली आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "माझ्या भावाकडे अगदी हाच तारा आहे. तो सैन्यात डॉक्टर होता, मेजर. काच लावून दिवाणखान्यात ठेवलाय. तुमच्याकडे कुणाचा?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ताऱ्याकडे. मग म्हणाल्या, "माझ्या थोरल्याचा."

बाई म्हणाल्या, "मग तुम्ही फार काळजीत काढली असतील ती वर्षं. माझी आई झोपत नसे." सासूबाई सुंडल आणायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी आत गेले तर चुलीपाशी उभ्या होत्या, हातात रिकामा द्रोण. मला पहिल्यांदा लक्षात आलं की पळून गेलेल्या मुलाची आई म्हणून ह्या बाईनंही ती वर्षं काढली होती, आणि तिलाही कुणी काही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून भांडी घासतानाचा माझा राग थोडा कमी झाला.

पण दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंची गाडी जी सुटली ती काही थांबेना. पाट ताऱ्यापुढून बाजूला गेला. आता कुणी विचारायच्या आधीच त्या सांगत. पहिल्यांदा, थोरला लढाईत होता. मग, बोटीवर होता. मग बोटीवर म्हणजे काय हे बायकांना हवं असायचं, आणि सासूबाईंना तर काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा त्यांनी ते आपल्या मनानं भरून काढलं. सप्तमीला हे तोफेवर होते. अष्टमीला दुपारी दोन तोफा झाल्या, आणि दिवेलागणीपर्यंत ह्यांनी जपानची एक बोट बुडवली. मी सुंडलचे द्रोण फिरवत होते आणि हसू दाबून माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. राईचा पर्वत म्हणतात तो असा समोर उभा राहताना मी दुसरा पाहिला नाही.

नेमके तेव्हाच हे कामावरून आले. बोळात चपला हातात घेऊन उभे राहिले आणि सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हे हसतील. ते हसले नाहीत.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं, "दशमीला थोरल्याचें पान आंत मांडायचें. बापाच्या शेजारीं. पुढल्या वर्षीं कलशही तोच ठेवील." मामंजींनी पेपर खाली केला. भावजी चांगल्या मनाचे, त्यांना खरोखर बरं वाटलेलं दिसलं. मला तर गगन ठेंगणं झालं. एवढ्याशा ताऱ्यानं हे काम केलं म्हणून मी मनातल्या मनात त्या राजालासुद्धा दुवा दिला.

नवमीला सरस्वतीची पूजा आणि आयुधपूजा. घरोघरी पुस्तकं, हत्यारं, गाड्या पूजेला लावतात. दुपारी हे बोळात सायकलीला चंदनाचे ठिपके लावत होते. मी शेजारी बसून म्हटलं, उद्या आत बसायचं, नवं धोतर काढून ठेवलंय. हे ठिपके लावत राहिले. मग म्हणाले, "उद्यां मी अम्माला खरें सांगणार."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागता? त्यांना तोफ आवडली ना, असू द्या तोफ. कुणाचं काय जातंय? इतकी वर्षं गप्प बसलात, आणखी एक दिवस बसा. उद्या खरं सांगाल आणि जन्मभर ह्या सायकलीशेजारी जेवाल.

ते माझ्यावर कधी चिडत नसत, तेव्हाही नाही चिडले. म्हणाले, "तें पान कोणाला मांडणार अम्मा? तोफवाल्याला. तो कोण, मला माहीत नाहीं. त्याच्या पानावर मी कसा जेवूं?"

मला रडू यायला लागलं, आणि मी ते चंदनाच्या वासावर ढकललं. त्या दिवशी मला भीती वाटत होती ती सासूबाईंची नाही. ह्यांना जे हवं होतं ते अगदी हाताशी येऊन परत जाणार, ह्याची वाटत होती.

दशमीला सकाळी सरस्वतीची पुन्हा पूजा झाली. मी स्वैपाकघरात तीन पानं मांडली. एका कडेला मामंजी, मधे हे, पलीकडे भावजी. मामंजी आणि भावजी बसले. हे आंघोळ करून, धोतर नेसून आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. सासूबाई भाताचं पातेलं घेऊन वळल्या. "बस रे," म्हणाल्या.

"अम्मा, आधीं एक सांगायचें आहे. मी तोफेवर नव्हतों."

"मग कोठें होतास?"

"स्वैपाकांत. बोटीचा स्वैपाकी होतों मी. तारा सगळ्यांना मिळतो, स्वैपाक्यालाही. तेथें मासे शिजविले, मटण शिजविलें. ज्याला जें लागेल तें केलें."

भावजींनी मान खाली घातली. मामंजींपाशी वर धरायला पेपर नव्हता. सासूबाईंनी पातेलं हळूच खाली ठेवलं आणि इतक्या वर्षांचा प्रश्न अखेर विचारला.

"तूं काय खाल्लास?"

"मिळे तेव्हां भात नि ताक. मिळे ना तेव्हां जें असेल तें. आणि जें शिजविलें तें चाखलें. चाखल्याशिवाय लोकांना कसें वाढायचें, अम्मा?"

मला वाटलं, आता त्या वाकतील आणि मधलं पान उचलतील. त्या वाकल्या नाहीत. चुलीकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बोट हालते ना रे. पातेलें चुलीवर राहतें कसें?"

ह्यांनी सांगितलं, चुलीला भोवती लोखंडी कठडा असतो. फारच हलायला लागली की पातेलं गुडघ्यांत धरून खाली बसायचं. "सांबार करीत होतास?" त्यांनी विचारलं. रोज, हे म्हणाले, तुझंच, पंजाबी पोरंसुद्धा मागून घ्यायची. चिंच कुठली? चिंच संपली की आमचूर घालायचो. "सांबारांत आमचूर," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड जितकं वाकडं झालं तितकं मटणाला झालं नव्हतं. भावजींना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यावर नेलं.

पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना अजून एक विचारायचं होतं. "उपाशी कोणी राहिला काय, तुझ्या हातून?"

हे थोडा विचार करून म्हणाले, "नाहीं. गार जेवले, अर्धें कच्चें जेवले. उपाशी कोणालाही ठेविलें नाहीं."

"मग बस," सासूबाई म्हणाल्या.

हे उंबरा ओलांडून आत आले आणि वडलांच्या शेजारी मांडी घालून बसले. मामंजींनी आपलं पान जरा बाजूला ओढून त्यांना जागा दिली, खरं तर जागा भरपूर होती. सासूबाईंनी आधी ह्यांनाच भात वाढला, त्यावर तूप, मग सांबार. मी कोशिंबिरीचं भांडं हातात घेऊन उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे दोनदा भावजींनाच वाढलं. सासूबाई मात्र पुढे सरकल्या नाहीत. ह्यांनी पहिला घास घेईपर्यंत थांबल्या आणि मग, नव्या सुनेनं विचारावं तशा आवाजात, म्हणाल्या, "मीठ पुरे काय रे?"

त्यांनी हे कुणाला विचारलेलं मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. सोवळ्यात स्वैपाक करणारी ती बाई. नैवेद्याचं अन्न आधी चाखायचं नसतं, त्यामुळे मीठ त्या हाताच्या अंदाजानं घालत, आणि तो अंदाज रोज थोडा कमीच पडे. हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. भावजींना जन्मापासून ठाऊक होतं. बोलायची प्राज्ञा कुणाची नव्हती.

हे घास गिळून म्हणाले, "किंचित कमी आहे, अम्मा."

भावजींचा हात तोंडापाशीच थांबला. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मामंजींकडे. मामंजी अगदी मन लावून भात कालवायला लागले.

"इतकीं वर्षें जेवतां सगळे," सासूबाई म्हणाल्या, "एकानेंही सांगितलें नाहीं." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "उद्यांपासून नैवेद्य झाला कीं तूं आंत येत जा. मी वाढायच्या आधीं चाखून सांग."

ह्यांनी हो म्हटलं आणि आणखी भात मागितला.